पांढरीच्या टेकाडाची शासकीय देखभाल

जमिनीत पुरलेला इतिहास सुरक्षित असतो, ही समजूत चुकीची आहे. तो फायलीत पुरावा लागतो. हुलसूरच्या पुढं, मांजरेकाठचं पांढरीचं टेकाड याच तत्त्वावर सांभाळलं गेलं.

टेकाड तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचं. दर पावसाळ्यात नदी त्याची दोन-अडीच हात कड खाते (कार्यालयीन भाषेत ‘किरकोळ झीज’). गेल्या भादव्यात कड ढासळली तेव्हा शेजारच्या शेतातल्या चंद्रम्माला मातीचा रांजण दिसला. आत त्या जुन्या वस्तीतल्या तान्ह्या मुलाची हाडं. तिचंही एक लेकरू बाराव्या दिवशी गेलेलं. तिनं ओल्या मातीनं रांजणाचं तोंड लिंपलं आणि ‘नदीकाठ अवशेष देखभाल कक्षा’ला कळवलं.

कक्षानं नऊ महिने गांभीर्यानं विचार केला. तोवर पावसाळा तोंडावर आला, म्हणून चंद्रम्मानं आणि तिच्या नवऱ्यानं, गुरप्पानं, दगड वाहून कडेला बांध रचला. पहिला पूर आला, बांधानं रांजण राखला. मग कक्ष तीन दिवसांत हजर झाला.

अधिकारी शिवप्रसाद अतिशय सभ्य. “अक्का, संरक्षित जागेत बांधकाम चालत नाही.”

“बांधकाम कुठलं सायेब? नुसती दगडं हायती. आत लेकरू हाय.”

“नोंद ‘अवशेष, मानवी, एक’ अशी आहे.”

“आन् नदी रोज खायलीय, तिला कामून सोडायलाव?”

शिवप्रसादांनी नियमावली चाळली. नोटीस बजावायला पत्ता लागतो. नदीला कायमचा पत्ता नाही. चंद्रम्माला होता.

जेसीबीनं दगड काढले (त्याच्या चाकाखाली कड आणखी चार हात ढासळली, ही झीज यांत्रिक असल्यानं मोजली नाही). दोन दिवसांनी पाणी चढलं. चंद्रम्मा भिजत काठावर बसून होती. रांजण फुटला नाही, अख्खाच सरकला आणि बुडाला.

“जा बाळा,” ती म्हणाली. गुरप्पानं तिला हाताला धरून घरी नेलं.

अहवाल उत्कृष्ट झाला. अतिक्रमण : शंभर टक्के निर्मूलन. अवशेष : स्थलांतरित. त्यावर तीस दिवस जनतेच्या हरकती मागवल्या. एकच आली, चंद्रम्माची. ती विहित नमुन्यात नसल्यानं फेटाळली. बाकी कुणीच काही बोललं नाही, म्हणून अहवाल लोकमान्य ठरला.

त्या लोकांत आपली गणना झाली आहे. आपणही काही बोलला नव्हतात.