तारीख रिकामी आहे!

"दोन खिडक्या असू देत नाहीतर वीस, माझं मशीन चुकायचं नाही!" निफाडकडच्या एका साखर कारखान्याच्या भरसभेत गोरक्षनं ठणकावलं. साल १९८७. कारखान्यात कॉम्प्युटर आला होता. हार घालून, नारळ फोडून त्याला गार खोलीत बसवला होता. आत जायचं तर चपला बाहेर! आणि नाशकात कोर्स करून आलेला गोरक्ष म्हणजे त्या गाभाऱ्यातला पुजारी.

त्यानं पहिला प्रोग्राम लिहिला तो कारखान्याच्या मंगल कार्यालयाचा. तारीख दाबली की समोर नाव येणार. नाव नसेल तर "रिकामी" येणार; मग आपलं नाव घाला. एका तारखेला एकच नाव. दोन खिडक्यांवर दोन पडदे, पण मागे तक्ता एकच.

पहिल्या खिडकीवर आली चंद्रभागा, गोरक्षची आई. खुद्द गोरक्षच्याच लग्नासाठी! दुसरीवर डायरेक्टर कोंडाजींची बहीण यशोदाबाई, भाचीच्या, म्हणजे कोंडाजींच्या लेकीच्या लग्नासाठी. दोघींनी एकाच दमात वैशाखातली एकच तारीख विचारली. मशीन दोघींनाही म्हणालं, रिकामी आहे! दोन्ही कारकुनांनी नाव घातलं, दोघींना छापील कागद मिळाला. आत मात्र मागून पडलेल्या यशोदाबाईंच्या नावानं चंद्रभागेचं नाव साफ पुसलं होतं, आणि मशीननं हूं की चूं केलं नाही. विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट राहते आणि त्या फटीतून आख्खी वरात आत शिरते, हे कोर्सात कुणी शिकवलं नव्हतं.

बरं, कुणी पुन्हा विचारावं? छे! माणसानं लिहिलं असतं तर शंभर शंका काढल्या असत्या. मशीननं छापलं म्हणजे ब्रह्मवाक्य! लाचार लेकाचे!

लग्नाच्या सकाळी एका दारात दोन बँड, दोन आचारी आणि दोन घोड्यांवर दोन नवरे!

"गोरक्ष, हे काय रं?" चंद्रभागा कडाडली. "तुझ्याच मशीनीत तुझं नाव नाय?"

"आई, होतं गं..."

त्याचे सासरे पुंजाराम विंचूरहून वऱ्हाड घेऊन आलेले. ते गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, माझी सिंधू तरी एकालाच दिलीय ना? का तिथंबी दोन नावं?"

शेवटी यशोदाबाईंनी पदर खोचला. "भांडू नका! आमचा मुहूर्त आधी. आमचं उरकलं की तुम्ही आत. तोवर उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाय!"

त्यांचं लग्न लागलं. मंडळी बाहेर पंगतीला बसली. आत मांडलेल्या रुखवताला कुणी हात लावू नये म्हणून यशोदाबाईंनी दाराला कुलूप ठोकलं. गोरक्षचा मुहूर्त आला. भटजी ओरडायला लागले.

"किल्ली कुठंय?"

"यशोदा आत्याबाईंच्या कमरेला."

"आणि आत्याबाई?"

"पाठवणीच्या जीपमध्ये. रडता रडता पोरीबरोबर बसल्याच की!"

"जीप कुठंय?"

"लासलगावला!"

मुहूर्त कुणासाठी थांबतो? हंगाम संपून ओस पडलेल्या उसाच्या वजनकाट्यावर गोरक्ष आणि सिंधू उभे राहिले. अंतरपाट दूर झाला, काट्याची सुई थरथरली आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "साखरेचा उतारा बरा हाय!"

एवढी नाचक्की झाल्यावर गोरक्ष गप्प बसतो होय! हळद उतरायच्या आत त्यानं प्रोग्राम बदलला. आता एकजण तक्त्यात शिरला की दुसऱ्याला दार बंद. पहिला विचारून, लिहून बाहेर पडल्याशिवाय दुसरा आत जाणार नाही. खात्री करायला त्यानं स्वतःच्या लग्नाची तारीख उघडून पाहिली, मिशीतल्या मिशीत हसला आणि तडक विंचूरला सासुरवाडी गाठली.

दुसऱ्या दिवशी तो पुरणाच्या मांड्यावर तुपाची धार धरतोय, तोच अंगणात कोंडाजींची जीप करकचून थांबली.

"उठा पाव्हणं!" कोंडाजी गरजले. "दोन्ही खिडक्या ठप्प! मशीन एकच सांगतंय, गोरक्ष आत आहे, थांबा! लोक सकाळधरनं थांबलेत. पुजलेलं मशीन बंद करायची कुणाची छाती होईना!"

गोरक्षच्या हातातली तुपाची वाटी कलंडली. तारीख उघडली होती. मिटायची राहिली होती.

सिंधूनं दुसरा मांडा शांतपणे परत टोपलीत ठेवला. "आणि काल रात्रभर नावं ठेवत होता आत्याबाईंना!"