गोळीची उलटतपासणी

आमची मेलकावेरीची रुक्माअक्का गोळी गिळण्यापूर्वी तिची उलटतपासणी घेते. गोळीची, आणि देणाऱ्याचीही. औषधाच्या दुकानात, चारचौघांत, ती खणखणीत आवाजात सांगते, "मला बायपोलर आहे, लिथियम घेतें. वर अर्धशिशी. आता सांग, ही चालते?" मी, तिचा चुलतभाऊ, तेव्हा साबणाच्या वड्या निरखू लागतो.

"साबण काय बघतोस? रोग माझा, लाज तुला कां?"

मी भिडस्त. मान खाली घालण्यालाच मी पन्नाशी उलटेपर्यंत सौजन्य समजत आलो. अक्का गणिताची निवृत्त शिक्षिका. एका डॉक्टरांनी अर्धशिशी येऊ नये म्हणून रोजची गोळी लिहिली, तेव्हा म्हणाली, "ही उदासीवरही देतात ना? मला उन्माद चढवून आभाळात नेऊन सोडेल. माझ्या मनाच्या डॉक्टरांना फोन लावा, मी बसतें." आणि बसली. रांग खोळंबली, शेवटी फोन झाला, गोळी बदलली.

माझ्या मुलीच्या सोयरिकीसाठी इन्नंबूरला निघताना मी हात जोडले. "अक्का, आज तेवढा विषय नको."

"कोणी गोळी दिली नाही तर काढणार नाही."

तिथे मुलाची बहीण कॉफीचे पेले किणकिणवत आली. ती लाजते आहे, असे सर्वांना वाटले. भर बैठकीत अक्काने कपाळ दाबले. मुलाच्या आईने तत्परतेने गोळी पुढे केली. मी नजरेने विनवले: घे.

"कसली?"

"साधी आयबुप्रोफेन. घरात सगळेच घेतों."

"मी नाही. मला बायपोलर आहे, लिथियम चालू आहे. हिच्यामुळे ते रक्तात चढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, माणूस आडवा होतो. डॉक्टरांना पुसल्यावाचून गिळायची नाही."

मुलाच्या वडिलांनी पंख्याकडे पाहिले. सोयरीक मोडली, असे मी धरून चाललो.

निघताना मुलाची ती बहीण फाटकाशी आली. "अक्का, मीही लिथियम घेतें. डोकं दुखलं की आई हीच गोळी देते. आज सकाळीही दिली."

"आजच डॉक्टरांना फोन कर. उद्यावर टाकू नको. आणि लिथियम आपल्या मनाने सोडायचं नाही. आईला मी सांगूं?"

मुलीने होकाराची मान हलवली. अक्का आत गेली. थोड्या वेळाने मुलाची आई फोन कानाला लावूनच बाहेर आली आणि मला म्हणाली, "पुढच्या वेळीही अक्कांना आणा."

रिक्षात मी विचारले, "तुला कळलं कसं?"

"पेले वाजत होते. माझ्या हातातही असेच वाजतात. तिला ऐकू जावं म्हणून तर मोठ्याने बोललें." तिने पदर डोळ्यांवर ओढून घेतला. दुखणे अजून थांबलेच नव्हते.

घराशी उतरताना तिने माझी बाही धरली. आवाज इतका खाली की मला वाकावे लागले. "लगेच जाऊं नको. दिवा न लावतां थोडा बस. बोलायचं काही नाही."

मी चपला काढल्या.