नेच्याच्या ठिपक्यांची चोरी

नेहरू नगरात मला ओळखत नाही असा एकही गुन्हेगार नाही. इथे गुन्हेगारच नाहीत, ती गोष्ट वेगळी. मी जानराव, खाजगी गुप्तहेर. दुकानावर पाटी झेरॉक्सची आहे, कारण पाटी लावून बसला तो गुप्त कसला? नजर घारीची, डोकं वकिलाचं आणि बायको हिरा. तिच्यापुढे पहिली दोन्ही चालत नाहीत.

परवा शेजारची दीक्षा रडकुंडीला येऊन दुकानात शिरली. पोरगी बॉटनीत एमएस्सी करते.

"काका, माझ्या पायरोसियाचे ठिपके चोरी होऊन राहिले!"

"ही पायरोसिया कोण? कुठं राहते?"

"अरे यार काका, नेचा आहे तो! पानांच्या मागे तपकिरी ठिपके असतात, त्यात बीजाणू. उद्या एक्स्टर्नलले तेच दाखवायचे आहेत. रोज दोन-चार पानं साफ होऊन राहिली. ठिपके नाही तर मेरा पूरा साल गया."

मी तडक घटनास्थळी. व्हरांड्यात तारेनं आंब्याची फांदी टांगलेली, तिच्यावर जिभेएवढी जाडसर पानं. शेजारी खुर्चीत दीक्षाचे आजोबा, देवाजीकाका. कारखान्याच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेले.

"कुंडी कुठाय? माती कुठाय?" मी गरजलो. "पोरी, आधी मातीच चोरीले गेली!"

"काका, हा मातीत उगवतच नाही. जंगलात दुसऱ्या झाडावर राहतो. त्या झाडाचं खात नाही, नुसती जागा वापरतो."

माझा साळा प्रवीणही असाच राहतो, पण तो खातो. मी पुढच्या संशयिताकडे वळलो, मुंग्यांकडे. त्यांनी सहकार्य केलं नाही.

"घरी कोण आलं होतं?"

"पीयूष. नोट्स द्यायले."

"बस! गुन्हेगार नेहमी नोट्स देतात. देवाजीकाका, फांदीजवळ बसा. डोळ्यांत तेल घालून पहारा द्या."

"तेलावरून आठवलं," काका म्हणाले. "माझी मशीनच्या तेलाची बाटली कधी देतो बे? दिवाळीत नेली तू."

मी पीयूषच्या मागावर निघालो.

संध्याकाळी परतलो तर ठिपके असलेलं एकच पान उरलेलं. दीक्षा पायरीवर हुंदके देत होती. मलाही भरून आलं.

"माशी नाही येऊ देली मी," काका शपथेवर म्हणाले.

"पहारेकरी जागा आणि चोरी चालू! म्हणजे चोर अदृश्य आहे," मी निष्कर्ष काढला.

तेवढ्यात मला शोधत हिरा आली. "काका, हातात चिंधी कायची आहे?"

"हे? पानाले गंज लागला ना, पुसून राहिलो."

बाप्पा! आम्ही तिघंही काकांकडे वळलो.

"मंग का? लोखंडात उमर गेली माझी. तपकिरी दिसलं का गंज! उद्या साहेब येऊन राहिला पाहाले. इन्स्पेक्शनच्या आधी सारं घासूनपुसून ठेवा लागते. पोरीचे मार्क कटले असते ना. तेलाचा हातही मारणार होतो, पण बाटली या जानरावापाशी."

"आबाजी, तो गंज नव्हता! तेच माझे मार्क होते!"

म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला त्यांच्याकडे पाहवेना.

हिरानं चिंधी त्यांच्या हातून अलगद काढून घेतली. "मंग पुसलेलं सारं हिच्यातच असन ना?"

दीक्षानं पांढऱ्या कागदावर चिंधी झटकली. बारीक तपकिरी पूड पडली, चांगली चिमूटभर. पोरगी हसत-रडत आबाजींच्या गळ्यातच पडली.

दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नलनं ते एकुलतं पान पाहिलं, पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि विचारलं, इतके बीजाणू जमवले कसे? "मेंटेनन्स," दीक्षा म्हणाली, आणि पास झाली.

"पाहा," मी हिराला सांगितलं, "बाटली परत केली असती तर सारे बीजाणू तेलात गेले असते. म्हणजे ही केस मी दिवाळीतच सोडवली होती."

"हो ना," तिनं कपाटातून बाटली काढून माझ्या हातात कोंबली. "आता देऊन या."

काकांनी बाटली घेतली. कानाशी हलवून पाहिली. मग उलटी केली. एक थेंब पडला नाही.

"ये बाई दीक्षा," त्यांनी आत हाक मारली, "चोर सापडला!"