बन्सीधरची बहुराष्ट्रीय सोडा फॅक्टरी

बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कामगारांचे रक्त शोषू नये, या उद्देशाने १९९२ साली पूर्णा येथे एक कृती समिती स्थापन झाली. तिच्या बैठका रोज सायंकाळी स्टेशनसमोरच्या बन्सीधर सोडा फॅक्टरीत भरत. रक्तशोषणावर बोलताना सभासदांचा घसा कोरडा पडे, आणि सोडा हाताशी असे. अध्यक्ष होते रेल्वेचे निवृत्त गार्ड दत्तराव.

फॅक्टरी म्हणजे पत्र्याची एक खोली, गॅस भरायचे एक यंत्र आणि केवळाबाई. केवळाबाई बाटल्या धुई, भरी आणि अंगठ्याने गोटी आत दाबून समितीपुढे ठेवी. सकाळी ती दत्तरावांच्या घरची भांडीही घाशी. बावीस वर्षांत तिला सुट्टी मिळाली नव्हती, कारण तिने मागितली नव्हती. सुट्टी ही मागायची गोष्ट असते, हे तिला समितीच्या भाषणांतूनच कळले.

"दत्तरावजी," ती एकदा म्हणाली, "ती आठवड्याची सुट्टी मला बी पायजे. पिंगळीला लेकीला पोरगी झाली, तिसरा म्हैना लागला. आजून तोंड पाह्यलं न्हाई मी."

"केवळाबाई, आपण सुट्टी मागतोय ती बहुराष्ट्रीय कंपनीच्या कामगारांसाठी. ह्या बन्सीधरचा सोडा ताडकळसच्या पुढं जात नाही."

पुढच्या आठवड्यात समिती बहुराष्ट्रीय कंपन्यांवर नियंत्रण आणण्याचे निवेदन घेऊन परभणीच्या एका कचेरीत गेली. अव्वल कारकून पंडितराव यांनी ते शेवटपर्यंत वाचले. ही घटना त्या कचेरीत नवी होती.

"जिल्ह्यात अशी कंपनी कोणती?"

"एकही नाही," दत्तराव अभिमानाने म्हणाले.

"मग नियंत्रण कशावर करू? कंपनी जोडा. कंपनीशिवाय अर्ज अपूर्ण."

"पण बहुराष्ट्रीय म्हणायचं कुणाला?"

"एकाहून जास्त देशांत धंदा केला, की झाली."

समिती खिन्न मनाने परतली आणि सोडा प्यायला बसली. तेवढ्यात दत्तरावांची नजर भिंतीवरच्या गंजक्या पाटीवर गेली. 'स्थापना : निजाम सरकारच्या अमलात.'

"बन्सीधर, तुझ्या वडलांनी हे काढलं तेव्हा इथं राज्य कुणाचं?"

"निजामाचं. तुमाला मालूम न्हाई का?"

"आणि आता?"

"आता भारत सरकारचं."

"म्हणजे तुझ्या कंपनीनं दोन देशांत धंदा केला!"

"आवो, मी तर ह्या खोलीतून भाईर बी पडलो न्हाई!"

"तू नसशील पडला. देश आला ना चालत! कुणी कुणाकडं जावं, हे व्याख्येत लिहिलेलं नाही."

अर्ज पूर्ण झाला. परभणी जिल्ह्याला पहिली बहुराष्ट्रीय कंपनी लाभल्याचा अहवाल वर गेला. 'आपल्या विदेशातील मुख्यालयाचा पत्ता कळवावा,' अशी नोटीस बन्सीधरला आली. त्याने उलट टपाली कळवले, 'हैदराबाद. पण तिथं आता आपल्या वळखीचं कोणी राहिलं न्हाई.' पाटी मात्र त्याने नव्याने रंगवून घेतली.

महिनाभरात आदेश आला. कामगार केवळाबाई हिला दर गुरुवारी सुट्टी. समितीने तिला हार घातला. आदेशात दुसरे कलमही होते : समितीने दर गुरुवारी तपासणी करावी, आणि कामगार सुट्टीवर असल्याबद्दल तिचा अंगठा जागेवर घ्यावा.

"जाग्यावर म्हंजी?" केवळाबाईने विचारले.

"म्हणजे इथं, फॅक्टरीत," दत्तराव म्हणाले.

"म्हंजी मी न्हाई, हे सांगायला मीच यायचं?"

"मग कोण सांगणार? तू नाहीस हे तुझ्याइतकं खात्रीनं कुणाला माहीत?"

पहिल्या गुरुवारी ती आली. तिने अंगठा दिला. आलीच आहे तर तिने पाच तपासनिसांच्या बाटल्या फोडल्या. फोडल्याच आहेत तर धुतल्या. तेवढ्यात पिंगळीला जाणारी पॅसेंजर निघून गेली. असे तीन गुरुवार तिने सुट्टी उपभोगली.

चौथ्या गुरुवारी केवळाबाई गाठोडे घेऊनच आली. तिने रजिस्टर पुढ्यात ओढले, शाईचे पॅड उघडले आणि पानामागून पान अंगठे उठवत गेली. रजिस्टर संपले तेव्हा थांबली.

"हे घ्या. आता दिवाळीपस्तोर दर गुरवारी मी न्हाई."

"अगं, पण गोटी कोण दाबणार?" दत्तराव कळवळून म्हणाले.

"तुमाला बी अंगठा हाय की! आन तुमच्या घरची भांडी बी आज तशीच हायेत, सांगून ठिवते."

"भांडी? आमचं घर म्हणजे काय कंपनी आहे?"

केवळाबाई पायरीवर थांबली. "तुमचं एक पोरगं मस्कतला, एक हितं. दोन देस झाले की, दत्तरावजी!"

पॅसेंजर सुटल्याचे सर्वांनी ऐकले. मग समितीने, पाच बंद बाटल्यांसमोर, तातडीचा ठराव एकमताने मंजूर केला : 'बहुराष्ट्रीय या शब्दाची व्याख्या फार सैल असून ती सत्वर आवळण्यात यावी.'

ठरावाखाली सह्या घेणे चालू आहे. आपल्या घरी भांडी घासायला येते तिचा सुट्टीचा वार वाचकांना आठवत नसेल, आणि त्यांचा एखादा भाचा दुबईला असेल, तर त्यांच्या सहीसाठी जागा मोकळी सोडलेली आहे.