बटण दाबायच्या आधीचं हसू

दत्तूतात्या लग्नात कुणालाही "हसा" म्हणत नाहीत. पाहुणे स्टेजवर चढून नवरा-नवरीशेजारी उभे राहतात, तात्या कॅमेरा डोळ्याला लावतात आणि गप्प. मागं रांग पंगतीपर्यंत जाते, आमटी गार होते. यजमान घायकुतीला आला की तात्या म्हणतात, "दमानं घ्या. हसू मागायचं नसतंय, वाट बघायची असती."

बारामतीत त्यांच्या स्टुडिओला लागूनच माझा स्टुडिओ. माझ्याकडे ड्रोन आहे, क्रेन आहे, नवरीच्या एन्ट्रीला धूर सोडायचं यंत्र आहे. तात्यांकडे एकच जुना कॅमेरा, त्याचा पट्टाही सुतळीनं बांधलेला. तरी इंदापूरपर्यंत कुठंही लग्न ठरलं, की लोक आधी तात्यांची तारीख विचारतात. ती मिळाली नाही, तर माझ्याकडे येतात. आता सांगा, माणसाचा जळफळाट होणार नाही? माझा रोज होतो.

यंदा त्या जुन्या कॅमेऱ्यानं मान टाकली. दुकानदारानं दोन नव्या धाटणीचे, मिररलेस कॅमेरे पुढं ठेवले: एक मागच्या सालचं मॉडेल आणि एक नवं, दीडपट किमतीचं. तात्या महिनाभर रोज जाऊन दोन्ही हातात धरून बघत. नव्यात एक करामत होती. बटण अर्धं दाबून धरलं, की पुरतं दाबायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदाचे फोटोही तो साठवतो. हे खरं का, असं तात्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "कंपनीवाले कायबी सांगत्यात तात्या. फरक न्हाय. मागचंच घ्या." नवं त्यांच्या हाती पडलं तर माझ्या उरल्यासुरल्या तारखाही जातील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तात्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी नवं मॉडेल एका दिवसासाठी मागून आणलं आणि मला बरोबर चल म्हणाले, तुला त्यातलं कळतं. मला वाटलं, डाळजला धरणाच्या पाण्यावर पक्षी टिपायला जायचं असेल, कारण इकडचे सगळे फोटोग्राफर नवा कॅमेरा तिथंच पारखतात. तात्यांनी गाडी कोऱ्हाळ्याला, स्वतःच्या घरी नेली.

ओसरीवर तात्यांच्या पत्नी, कमलकाकू, खुर्चीत बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून बोलणं गेलं. हसू मात्र दिवसातून एकदा-दोनदा येतं. कशानं येतं ते कुणाला ठाऊक नाही, आणि पापणी लवेपर्यंत जातंही. तात्या समोर स्टूल टाकून, बोट बटणावर ठेवून बसले.

तासाभरानं अंगणातली कोंबडी बादलीच्या काठावर चढली आणि आत पडली. काकू हसल्या. तात्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवर हसून झालेला चेहरा आला.

"तीन वर्सं ह्येच चाललंय," तात्या म्हणाले. "माझं बोट उशिरा पडतंय. कार्डात नुसती हसून झालेली तोंडं हायती. तू म्हनलास ते बरूबर हाय, मागचंच घेतो."

ती करामत आधी मेन्यूतून चालू करावी लागते. ती बंद आहे हे मी गाडीत बसतानाच पाहिलं होतं आणि मूग गिळून बसलो होतो. आता मला माझीच लाज वाटली. "द्या हिकडं तात्या," म्हणत मी ती चालू केली.

दुसरं हसू यायला उन्हं कलली. तात्यांच्या हाताला रग लागली तरी अर्धं दाबून धरलेल्या बटणावरचं बोट हललं नाही. काकू हसल्या, आणि तात्यांचं बोट पुन्हा उशिराच पडलं. मी एकेक फोटो मागं सरकवत गेलो. चौथ्या फोटोत काकू होत्या, ओठांची एक बाजू वर गेलेली, डोळे मिटत आलेले.

तात्यांनी मला नीट बघूही दिलं नाही. कॅमेरा ओढून घेतला, खुर्चीपाशी उकिडवे बसले आणि स्क्रीन काकूंपुढं धरून म्हणाले, "घावलीस बघ."

नवंच घ्या, असं मी त्यांना सांगितलं. परत येताना जळफळाट चालूच होता, पण आता मला काकूंचा हेवा वाटत होता. माझ्या एका हसण्यासाठी तीन वर्षं बसून राहील, असं मला कुणी आठवेना.