बेशरमच्या स्टॉपवरचे दिगूकाका

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाला आहे आणि नाल्याकाठी बेशरमच्या झुडपांचं रान माजलेलं आहे. टॉवर चौकातून येणारे टेम्पोवाले त्यालाच स्टॉप मानतात. "चलो, बेशरमवाले उतरो," असं ओरडतात आणि आम्ही सभ्य माणसं मुकाट्यानं उतरतो. एकटे दिगूकाका उतरत नसत.

"पहले ठीक नाम लो," सीटवर बसूनच ते म्हणत. "उस झाड़ ने तुम्हारा क्या घोड़ा मारा?"

"काकाजी, घोड़ा किसने मारा?" टेम्पोवाला बावरून विचारी.

उज्जैनला आमच्या पिढ्या गेल्या, पण मराठी वाक्प्रचार उचलून जसाच्या तसा हिंदीत टाकायची खोड काही गेली नाही. टेम्पो अडलेला, माझ्या मांडीवरून भाजीची पिशवी घसरतेय, आणि हे घोड्याचा खुलासा करताहेत. मी तोंडाची फटकळ. "काका, उतरा आता, झाडाला कळवते मी," असं म्हणायची.

दिगूकाका आमचे शेजारी. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. माणसांना काय हवं ते म्हणा, झाडाला शिवी द्यायची नाही, हा त्यांचा कायदा. 'सास की जीभ' म्हणून लांब पात्यांच्या झाडाची कुंडी विकणाऱ्या नर्सरीवाल्याशी एकदा भर बाजारात भांडले. म्हणाले, माझी सासू गरीब गाय होती, तिच्या नावावर हे पातं खपवू नकोस.

मालतीकाकू, म्हणजे त्यांची बायको, अशा वेळी पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांना मूल नव्हतं. आमच्या मराठी मंडळात कुणाचं डोहाळजेवण असलं की सगळा स्वयंपाक काकूंच्या गळ्यात, आणि ओटी भरायची वेळ झाली की काकू आपणहून उठून पुऱ्या तळायला आत जायच्या. त्यांना 'बसा' म्हणायची बुद्धी कुणाला होत नसे. काका तेवढ्यात बाहेर जाऊन मंडळाच्या कुंड्यांना पाणी घालत बसायचे. मला त्या दोघांचाही राग यायचा, खरं सांगते.

त्या श्रावणात मंडळानं फ्रीगंजच्या हॉलमध्ये झाडांचं प्रदर्शन भरवलं. नव्यानं आलेल्या कोल्ड्रिंकच्या एजन्सीनं खर्च उचलला होता, म्हणून थाट मोठा. लेबलं कॉम्प्युटरवर छापलेली. आमच्या चिटणीस सुलभाताई ती लेबलं अशा मिरवत होत्या की जणू झाडं त्यांच्यामुळेच उगवली.

काकांनी कर्टोलीचे दोन वेल आणले होते. एकाला काटेरी हिरवी फळं लगडलेली, दुसऱ्याला नुसती पिवळी फुलं. पहिल्यावर लेबल होतं 'कर्टोली'. दुसऱ्यावर 'वांझ कर्टोली'.

मी ते वाचलं आणि चटकन बाजूला पाहिलं. काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या, हातात कर्टोलीच्या भाजीचा डबा. त्यांनीही वाचलं. तेवढ्यात सुलभाताईंनी आपल्या गरोदर सुनेचा दंड धरून तिला त्या वेलापासून लांब नेलं. "इकडून चल गं, त्याच्याजवळ नको." सगळ्या बायका वेलाकडे बघत होत्या, म्हणजे काकूंकडे बघायचं टाळत होत्या.

काकांनी पुढे होऊन लेबल टरकन फाडलं.

"दिगूकाका, हे काय?" सुलभाताई तापल्या. "पुस्तकात आहे तेच छापलंय. जडीबुटीवालेसुद्धा बांझ ककोडाच म्हणतात. आपण सोज्वळ नाव दिलं तर लोकांनी ओळखायचं कसं? झाडाला थोडंच वाईट वाटतं?"

"झाडाला नाही वाटत," काका म्हणाले.

"मग लेबल लावा. नाहीतर कुंड्या बाहेर ठेवा."

मला वाटलं, आता घोडं निघणार. निघालं नाही.

"सुलभाताई, हा वेल नर आहे," ते हळू म्हणाले. "नराला फळ येत नाही. दोष नराचा म्हणा की गुण म्हणा. आणि नाव बाईचं ठेवलंय तुम्ही."

"अहो," काकू म्हणाल्या. "पुरे."

"आमच्या घरीही तेच आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, कमी माझ्यात आहे. हिनं मला शपथ घातली, आईला सांगायचं नाही. आई गेली तरी शपथ राहिली. ही लोकांची बोलणी ऐकत राहिली आणि मी झाडांची वकिली करत राहिलो."

सुलभाताईंनी सुनेचा दंड सोडला. काकूंनी डबा टेबलावर ठेवला आणि सरळ दाराबाहेर चालू पडल्या. मागून काका, त्यांच्यामागून सकाळी घेतलेली भाजीची पिशवी सावरत मी.

टेम्पोत काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या. काका समोर, बोटांत लेबलाचा फाटका तुकडा. इतकी वर्षं जपलेली शपथ नवऱ्यानं भर हॉलमध्ये मोडली होती. काकू कधी बोलतील का त्यांच्याशी, मला धसकाच बसला.

"चलो, बेशरमवाले उतरो."

काका काही न बोलता उठले. मी त्यांना तसं उठताना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचा एक पाय खाली, आणि काकूंनी मागून त्यांचा सदरा धरला.

"बसा," त्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि टेम्पोवाल्याकडे वळल्या. "भैया, पहले ठीक नाम लो. उस झाड़ ने तुम्हारा क्या घोड़ा मारा?"

काका खाली बसले. मीही भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.