एकवीरेची त्वचा

चंदू कोळ्याच्या कल्पिताचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. हळदीला तिच्या तोंडावर पुरळ उठलं, म्हणून आई कमळने घरचं उंडीचं तेल फासलं. मनोरीत हे तेल होडीला लावतात. परसातल्या उंडीच्या बिया वाळवायच्या, घाण्यावर तेल काढायचं आणि फळ्यांना चोपडायचं, ही रीत चंदूच्या आजापासूनची. नवरी अशी चकाकली, की फोटोवाल्याला एक दिवा विझवावा लागला.

नवरदेव हर्षदचा चारकोपला फिनेल बनवायचा गाळा होता. त्याने बायकोकडे पाहिलं आणि मांडवातच फिनेलचा धंदा सोडला.

"बाबा, हे तेल किती वर्षं वापरता?"

"एकवीरेला चौतीस वर्षं लावतोय." एकवीरा म्हणजे चंदूची होडी, त्याची भाकरी.

"उन्हात असते?"

"उन्हात, वाऱ्यात, खाऱ्या पाण्यात."

"सुरकुती?"

"येडा काय रे? एक फळी हलली नाय!"

हर्षदने तेल बाटल्यांत भरलं. बाटलीवर छापलं गेलं : 'मनोरीच्या एकवीराताई. चौतीस वर्षं ऊन, वारा, खारं पाणी. एकही सुरकुती नाही.' यात खोटं काहीच नव्हतं. 'ताई' तेवढं आदराने. वर चित्रात एक गोरी बाई हसत होती.

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत बायका, आणि दाराला कडी लावून पुरुषही, गालाला तेल चोळू लागले. परसातल्या उंडीला कुंपण आलं. त्यावर पाटी : 'कच्चा माल. हात लावू नये.' जावयाने चंदूला संचालक केलं. कुंपणाच्या आत जायची परवानगी संचालकाला नव्हती, पण चंदू खूश होता.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली. नारळी पौर्णिमेआधी तेल बसलं नाही तर फळ्या उकलणार. चंदूने चारकोप गाठलं.

"जावईबापू, डबाभर तेल द्या."

"बाबा, ते आता सौंदर्यप्रसाधन आहे. माणूस सोडून कुणाला लावलं तर माझा परवाना जाईल. अंधेरीहून मंजुरी आणा."

"मग वार्निश मारतो."

"अजिबात नाही! एकवीरा आपल्या मालाचा चेहरा आहे. तिने दुसरं काही लावलं तर करारभंग होतो."

अंधेरीला 'प्रसाधन गैरवापर प्रतिबंध कक्ष' होता. तिथल्या मार्तंडसाहेबांचं कपाळ घासलेल्या समईसारखं लखलखत होतं.

"लाभार्थीची त्वचा कोरडी, तेलकट की मिश्र?"

"ओली."

"तसा प्रकार नाही. मिश्र लिहितो. आधी कानामागे थोडं लावून एक दिवस थांबा. खाज आली तर कळवा."

"साहेब, होडीला कान नसतात."

"मग कर्णबधिर असल्याचा दाखला जोडा."

कानाचा डॉक्टर फेरीबोटीने मनोरीला आला, होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, घंटा वाजवली, आणि प्रतिसाद नाही म्हणून दाखला देऊन गेला.

इकडे हर्षदलाही राहवेना. त्याने सासऱ्याला गुपचूप एक बाटली पाठवली. चंदूने ती देव्हाऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर अर्धी.

"कमळ, तेल कुठं गेलं?"

"आवं, शेजारची रतन आलती. तिचं डाग बघवंनात. आनि मंग थोरासा मी."

"आणि होरी?"

"होरीच्या तोंडाकडं कोन बघतंय? मना चार मान्सा बघतात!"

चंदूने तिच्याकडे पाहिलं. बाई खरंच बरी दिसत होती. उरलेलं त्याने आपल्या टकलाला लावलं.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी मंजुरी आली : 'दिवसातून दोनदा, चेहरा स्वच्छ धुऊन लावावे.' चंदूने जावयाला फोन केला. माल दिवाळीपर्यंत आधीच विकला गेला होता. मोसम तर कुणासाठी थांबत नाही. चंदूने नारळ वाहिला आणि कोरडी होडी पाण्यात लोटली.

तो पोहत परत आला. टकलावर पाण्याचा थेंब ठरत नव्हता.

बाटलीवरची ताई अजून हसते आहे. तुमच्याही आरशापुढे ती उभी असेल, तर सुतक तुम्हालाही आहे. एकवीरा नारळी पौर्णिमेला, दुपारच्या भरतीत, मनोरीच्या खाडीत गेली. तिच्या वाटचं तेल तेव्हा तुमच्या गालांवर होतं.